नाना, मेगर आणि मोटरीची वही

रब्बीचं पाणी सुरू झालंय आणि आपल्याकडं निम्म्या पाळ्या रात्रीच्या. परवा एका पोरानं फोन करून विचारलं, "दादा, पेटीला हात लावला की मुंग्या येतात, चालतंय का?" त्याला जे सांगितलं ते सगळ्यांसाठी लिहितो. त्यातलं ज्ञान माझं नाही, आमच्या नानांचं आहे.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून सत्तरच्या दशकात नेव्हीत गेले. ट्रेनिंग जामनगरला, आयएनएस वालसुरावर. हे ठाणं 1942 साली टॉर्पेडो शिकवायला सुरू झालं, पुढं नौदलाची विजेची शाळाच तिथं झाली. बोटीवर असतानाच नानांनी एएमआयईच्या परीक्षा दिल्या. दिवसभर ड्युटी आणि रात्री पुस्तक, असं करत ते इंजिनिअर झाले. पंधरा वर्षं भरल्यावर पेन्शन घेऊन बाहेर पडले.

ही पंधरा वर्षं चार एकर रान काकींनी सांभाळलं. नाना वर्षातून एकदा मोठ्या सुट्टीवर यायचे, बाकी सगळा कारभार इनलँड लेटरवर. आजोबा गेले तेव्हा बोट समुद्रात होती. तार बंदरात पोचली आणि नाना घरी आले, तोवर तेरावा उरकला होता. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. पण नेव्ही सुटल्यावर व्यापारी जहाजावर चांगल्या पगाराची नोकरी मिळत होती, ती नाकारून जवळच्या साखर कारखान्यात लागले. कारण विचारलं तर म्हणायचे, "कारखान्याचा भोंगा घरात ऐकू येतो." काकी मात्र आजही ऐकवतात, की सीझनमध्ये हा माणूस भोंगा वाजला तरी घरी नसायचाच.

आता विजेचं. बोटीवर चहूकडं खारं पाणी आणि पायाखाली लोखंड. बऱ्याच जहाजांवर न्यूट्रल जमिनीला, म्हणजे बोटीच्या लोखंडाला, जोडलेलाच नसतो. त्यामुळं एखादी वायर बॉडीला लागली तरी मशीन बंद पडत नाही. पण ती चूक लगेच दिसावी म्हणून बोर्डावर तीन दिवे असतात. ज्या फेजचं इन्सुलेशन गेलं त्याचा दिवा मंद होतो, बाकीचे दोन जास्त उजळतात. मग बिघाड शोधून काढायचा, दुसऱ्याची वाट बघायची नाही.

आपल्या पेटीवरपण तीन बल्ब असतात, पण नाना म्हणतात त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. मोटर चालू असताना एक फेज गेला, तर फिरणारी मोटर स्वतःच त्या फेजवर थोडं व्होल्टेज तयार करते आणि बल्ब पेटलेलाच दिसतो. तोवर उरलेल्या दोन फेजांवर करंट जवळजवळ पावणेदोन पट होतो आणि वायंडिंग भाजून निघतं. सिंगल फेज प्रिव्हेंटरचे पैसे वाचवायचे आणि रिवायंडिंगला घालायचे, हा धंदा आपण किती वर्षं करणार?

मुंग्या येण्याचं असं, की पेटीच्या बॉडीत करंट उतरलाय आणि त्याला जमिनीत जायला नीट वाट नाही. कोरड्या चपलेत मुंग्या येतात, ओल्या वाफ्यात अनवाणी उभं राहिलात तर माणूस जातो. मेन बंद करा आणि अर्थिंग बघा. आमच्या पट्ट्यात नाना फिरले तेव्हा बऱ्याच पेट्यांची अर्थिंगची तार नुसती मातीत खोचलेली निघाली. काही ठिकाणी पाइप होता, पण मीठ-कोळशानं खाल्लेला. मीठ घालण्यावर नानांचा भारी राग. म्हणतात, "मी पंधरा वर्षं मीठ लोखंडाला काय करतं तेच बघितलंय." त्यापेक्षा बेंटोनाइट भरा आणि जागा ओली ठेवा.

आणि अर्थिंग केलं म्हणजे फ्यूज उडेलच, असं धरू नका. समजा अर्थिंगचा रेझिस्टन्स 10 ओहम आहे. 240 व्होल्टला 24 अँपिअर वाहतील, तेवढ्यावर जाडी तार घातलेला फ्यूज ढिम्म बसून राहतो. फ्यूज मोटरीसाठी असतो. माणसासाठी आरसीसीबी लागतो, 30 मिलिअँपिअरचा. लांब केबल असेल तर तो उगाच पडतो अशी तक्रार येते, ती कधीकधी खरी असते. पण आधी केबलचे जॉइंट तपासा. आमच्या विहिरीवर दोनदा "उगाच" पडला, आणि दोन्ही वेळी पाण्यातला जॉइंट सुटत आलेला सापडला.

पावसाळ्यानंतर मोटर पहिल्यांदा चालू करायच्या आधी नाना 500 व्होल्टचा मेगर लावतात. सप्लाय काढून, स्टार्टरकडची वायर सोडवून. 1 मेगाओमच्या खाली आकडा आला तर बटण दाबायचं नाही. पाण्यातल्या मोटरीचा आकडा तसाही कमी येतो, म्हणून दरवर्षीचा वहीत लिहायचा आणि किती घसरला ते बघायचं. आजूबाजूच्या मोटरीपण त्या वहीत आहेत, मालकाच्या नावानं नाही, विहिरीच्या नावानं.

नानांना आता नीट ऐकू येत नाही आणि बांधावरून चालताना काठी लागते. मेगर त्यांनी यंदा धाकट्या सूनबाईंच्या हातात दिलाय. आयटीआय झालेल्या आहेत, आकडा वाचताना घाई करत नाहीत. त्या पोराच्या पेटीवर उद्या सकाळी आठला जाणार आहेत. तोपर्यंत त्यानं मेन बंद ठेवलाय. गव्हाची एक पाळी चुकेल, चुकू दे.