उरुळीच्या आश्रमातले ताट

दौंडहून पॅसेंजर सुटली की पाटस, केडगाव, यवत ही ओळखीची गावे मागे पडतात आणि उरुळी स्टेशन येते. पुणे-सोलापूर रस्त्याने आलात तर पुण्यापासून उरुळी कांचन सुमारे ३० किलोमीटर. गेल्या मार्गशीर्षात आमच्या ह्यांना घेऊन मी तेथल्या निसर्गोपचार आश्रमात दहा दिवस राहिले.

ह्यांना रक्तात साखर निघाली होती. माझे सासरे याच दुखण्याने गेले. पायाची जखम चिघळली, पाय कापावा लागला. ते दिवस मी उशाशी बसून काढले होते. म्हणून ह्यांचा अहवाल हाती आला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला.

हा आश्रम गांधीजींचा. पुण्यातल्या दवाखान्यात निसर्गोपचार करावेत असे त्यांच्या मनात होते. पण शहरातल्या दवाखान्यात गरीब खेडूत कुठून येणार? म्हणून मार्च १९४६ मध्ये ते उरुळीला आले आणि आठवडाभर राहून त्यांनी स्वतः रोगी तपासले. गावातल्या महादेव कांचन यांनी जमीन दिली. गांधीजी गेले, पण गुजरातेतून आलेले तरुण मणिभाई देसाई मागे राहिले, ते १९९३ साली देह ठेवीपर्यंत! १९८२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आश्रमात पहाटे उठायचे, फिरायचे, पोटावर मातीची पट्टी घ्यायची. पण खरी परीक्षा जेवणाच्या वेळी. ताटात उकडलेली भाजी, कच्ची कोशिंबीर, भाकरी आणि ताक. तेलाची तर्री नाही, तिखट नाही. रविवारी मटणाशिवाय न जेवणारे हे पहिल्या दिवशी ताटाकडे नुसते पाहत राहिले. म्हणाले, "अगं, हे गुरांपुढे टाकतो ते!"

तिसऱ्या दिवशी मेथीची भाजी आली. हे बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "आपण मेथीच्या शंभर शंभर जुड्या मार्केटला धाडतो. घरात किती शिजते गं?"

मला उत्तर देता येईना. भाजी पिकवायची आपण, खायची शहराने. आपल्या घरी मात्र पॉलिशचा पांढरा भात, बटाटा, दिवसातून पाच वेळा गोड चहा आणि वर फरसाण!

वाचक भगिनींनो, घरी आल्यावर मी फार काही केले नाही. मळ्यातली पहिली जुडी चुलीशी, मग पाटीत. बांधावरचा तांदुळजा, घोळ, शेवग्याचा पाला पुन्हा कढईत आला. गव्हाच्या चपातीऐवजी ज्वारी-बाजरीची भाकरी, तीही मोजून. मटणाच्या जागी मोड आलेली मटकी, हुलगा, मूग. पालेभाजीतला नि कडधान्यातला चोथा साखर रक्तात हळूहळू उतरवतो, असे तेथे समजावले होते. गावकरी ह्यांना चिडवत, "काय पाटील, माळ घातली वाटतं?"

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. आहार बदलला म्हणून गोळ्या आपल्या मनाने सोडू नयेत. साखर एकदम उतरली तरी जिवाला धोका असतो. आणि मांसाहार सोडला तर दूध-ताक असू द्यावे. तेही सोडायचे असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे.

या गोष्टीला सहा महिने झाले. साखर उतरली, डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. दुखणे मुळापासून गेले असे मी म्हणणार नाही. पण रोज रात्री ह्यांचे पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांत जखम नाही ना हे मी दिव्याखाली पाहते. पाय धडधाकट आहेत. काल त्याच पायांनी हे मेथीला पाणी द्यायला गेले, आणि येताना न सांगता एक जुडी घेऊन आले.