उजेडातली पारख

कापड दुकानातील दिव्याखाली पारखू नये, उंबऱ्याबाहेर उजेडात न्यावे, हे पेढीवर बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. तोच व्यापारी दिवाणखान्यासाठी लाख-दोन लाखांचा टीव्ही घेताना मात्र शोरूममधील झगझगाटाला भुलतो. तेथे संच बहुधा ‘व्हिव्हिड’वर लावलेले असतात, भडकपणा गिऱ्हाईक ओढतो.

रात्री दिवे मालवून चित्रपट पाहणाऱ्यांसाठी ओएलईडीला तोड नाही. त्याचा प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, स्वतः विझतो, म्हणून काळा खरोखर काळा दिसतो. पण ज्या घरी आजोबांची बाजारभावाची वाहिनी सकाळपासून चालते, तेथे वाहिनीच्या स्थिर चिन्हाचा डाग कालांतराने पडद्यावर कायमचा उमटू शकतो. अशा घराने मिनी-एलईडी घ्यावा. विक्रेता हे आपणहून क्वचितच सांगतो.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा. संच मधल्या चौकटी स्वतः रचून त्याला मालिकेसारखा गुळगुळीत करतो. ती सोय बंद करून ‘फिल्ममेकर मोड’ निवडावा. चित्र प्रथम पिवळट वाटेल, डोळा सरावतो. नातवाच्या खेळाला ‘गेम मोड’ हवा. बटण दाबल्यापासून पडद्यावरील हालचालीपर्यंतचा विलंब त्याने घटतो. ४के चित्र सेकंदाला १२० वेळा हवे, तर गेमिंग कन्सोल एचडीएमआय २.१च्या पोर्टलाच जोडावा. कित्येक संचांत असे दोनच पोर्ट असतात, आणि त्यांतला एक बहुधा साउंडबार अडवून बसतो.