सासूबाईंची मंडई

भाजी काय, ती वाईच्या बाजारातही मिळते. तेवढ्यासाठी कुणी पुण्याला जातं का, असं आमच्या ह्यांनी विचारलंच. पण सासूबाई दिवाळीपासून म्हणत होत्या, "एकदा मला मंडई दाखवून आण गं." माझी नोकरी तासांवरची, शनिवारी तास नसतो. तेव्हा जानेवारीतल्या एका शनिवारी दशम्या बांधून घेतल्या आणि पहाटेच्या एसटीने आम्ही दोघी निघालो.

स्वारगेटहून मंडई आता मेट्रोने एकच स्टेशन. ही भुयारी गाडी सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. "माझ्या मंडईखाली आगगाडी!" म्हणून सासूबाई हसत सुटल्या. (गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी मुकाट्याने लिफ्ट गाठावी.)

त्यांचं माहेर इथलंच, शुक्रवार पेठेतलं. मधला अष्टकोनी मनोरा दिसला मात्र, माझा हात सोडून त्या पुढे चालू लागल्या. आत हिवाळ्याचं वैभव काय वर्णावं! ओला हरभरा, तुरीच्या शेंगा, पावटा, लालबुंद गाजरं, पुरंदरची अंजिरं. मी आपली रंगाला भुलून वांगी उचलणार, तर सासूबाई म्हणाल्या, "रंग काय बघतेस? देठ बघ. देठ हिरवा असला तर वांगं ताजं." पावट्याची शेंगही त्या दाबून, दाणा भरलाय का ते पाहून घेत होत्या. उंच ओट्यावरचा भाजीवाला म्हणाला, "आजी, तुम्ही धंदेवाल्या दिसता!"

"होतेच," त्या म्हणाल्या.

मग एका कठड्याशी टेकून त्यांनी मला सांगितलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण हे मी कधी ऐकलं नव्हतं. वडिलांची लहानशी खानावळ होती. रोज सकाळी मंडईतून भाजी आणायला कुणीतरी हवं होतं. भाऊ शाळेत जायचे. तेव्हा चौथीनंतर सासूबाईंची शाळा बंद झाली. "शाळा भरायची आणि भाजी यायची वेळ एकच होती ना," त्या म्हणाल्या, जणू दोष घड्याळाचा!

माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, ही मंडई बांधायला कुणाचा विरोध होता ठाऊक आहे? जोतिबा फुल्यांचा." ते तेव्हा नगरपालिकेचे सभासद होते. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. ते कुणी मानलं नाही. १८८६ साली मंडई उभी राहिली, तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव मिळालं आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती महात्मा फुले मंडई झाली.

सासूबाई बराच वेळ मनोऱ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे माझी बाजू घेणारं होतं कुणीतरी," एवढंच बोलल्या.

तुळशीबागेत रामाचं दर्शन घेतलं, मिसळ खाल्ली, एक मस्तानी दोघींत घेतली. एरवी "बाहेरचं नको" म्हणणाऱ्या सासूबाईंनी पेला तळापर्यंत संपवला! भातुकलीच्या दुकानापाशी माझा पाय अडकला होता, पण त्यांना दुसरीच घाई. "ती फुल्यांची शाळा कुठे होती गं?"

चालत पाचदहा मिनिटांवर, दगडूशेठ गणपतीसमोर. १८४८ साली भिडेवाड्यात जोतिबा-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती ही जागा. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, तिथे राष्ट्रीय स्मारक करायचं म्हणून. सगळे गणपतीकडे तोंड करून हात जोडत होते. सासूबाईंनी गणपतीला नमस्कार केला, मग वळून इकडेही केला.

"एवढ्या जवळ," त्या म्हणाल्या. "मी रोज पिशवी घेऊन इथूनच जायची."

परतीच्या एसटीत त्यांनी पदरात पावटे सोलायला घेतले. कात्रजचा घाट ओलांडला तेव्हा म्हणाल्या, "रात्री तू वह्या तपासतेस ना, तेव्हा मला इंग्रजी अक्षरं दाखवत जा. मोबाईलवर कुणाचा फोन आलाय तेच कळत नाही मला."

"सोमवारपासून?"

"सोमवार कशाला? उद्यापासून," त्या म्हणाल्या आणि उरलेल्या शेंगा माझ्या ओटीत टाकल्या.