वर्धेवर एक दिवस

कोकणात म्हणे नवशिक्यालाही दिवसभर समुद्रावर नेऊन मासेमारी शिकवतात. आमच्या राजुऱ्याला समुद्र कुठला? आमची वर्धा मात्र वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाते.

बाबा ढिवर, पण मला डोंग्यात घेत नसत. "तू पुस्तक धर," म्हणत. मागच्या रविवारी मी हट्टानेच बसलो. दुपारपर्यंत त्यांनी जाळ्याला हात लावू दिला नाही. "आधी पाणी पाह्य." संथ पाण्यावर बुडबुडे उठले तिथे त्यांनी जाळे फेकले, शिशाच्या मण्यांच्या भाराने ते ताटासारखे गोल पसरले. काटा टाळून शिंगाळा कसा धरायचा तेही दाखवले.

ऊन उतरल्यावर जाळे माझ्या हाती दिले.

"एकदाच," म्हणाले, "उद्या कॉलेज हाये."