मुंबई ते लंडन : जाताना दहा तास, येताना नऊ

आता आपल्या खेड्यांतलीही मुले-मुली परदेशी जातात. मागे राहिलेले आईबाप विचारतात, "किती लांब हो ते?" लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता लंडनला निघालो, तेव्हा माझ्याही मनात तेच होते.

विमानाच्या सरळ वाटेने हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग ८३७ किलोमीटरचा. त्याच्या साडेआठ पट समजा. १९४८ च्या जूनमध्ये एअर इंडियाचे पहिले विमान कैरो, जिनिव्हा असे थांबत गेले होते. आता एका दमात जाता येते.

जानेवारीत दुपारी एकला उडालो, तिथल्या घड्याळात साडेपाचला उतरलो. सौ. म्हणाली, "साडेचार तासांत आलो की!" प्रवास मात्र दहा तासांचा झाला होता. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास असते, उन्हाळ्यात साडेचार. या घोळात तिची साखरेची गोळी चुकली आणि उतरताना तिला भोवळ आली. तुम्ही जाल तेव्हा गोळ्यांच्या वेळा आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या.

परतताना नऊच तास लागले. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून, येताना पाठीशी. उत्तरेत गव्हाला हिवाळी पाऊस देणारे पश्चिमी झंझावात याच वाऱ्यासोबत येतात. इतकी वर्षे मी ते हवामानाच्या अंदाजात वाचून शेतकऱ्यांना सांगत होतो. त्या दिवशी त्यानेच आम्हाला तासभर आधी घरी आणले.