दऱ्यांचा दर्या

ती पुल रिक्वेस्ट आठवली की अजून चिडायला होतं.

मजकुराची साफसफाई करणारी एक ओपन सोर्स लायब्ररी आहे. नोकरी सांभाळून रात्री मी तिचे पॅच तपासते. एका नवख्या मुलाचा पॅच आला. मजकुरातली न दिसणारी चिन्हं काढून टाकायची, एवढंच काम. कोड नेटका, टेस्ट सगळ्या हिरव्या. पण काढायच्या यादीत झीरो विड्थ जॉइनर होता. तो दिसत नाही, जागाही घेत नाही. मात्र मराठीत कितीतरी मजकुरात 'ऱ्य' हा र, हलन्त आणि हा जॉइनर असाच टाइप केलेला असतो. जॉइनर गेला की र चा रफार होतो. मी 'सह्याद्रीच्या दऱ्या' टाकून पाहिलं. बाहेर आलं, 'सह्याद्रीच्या दर्या'. आचाऱ्याला द्यायचे पैसे आचार्याला गेले.

मी मर्ज थांबवायला सांगितलं, दोन्ही उदाहरणं दिली. मुख्य मेंटेनरचं उत्तर दोन ओळींचं: ही एज केस आहे, शिवाय युनिकोडमध्ये नुक्त्याचा ऱ आहे, लोकांनी तो वापरावा. आणि मर्ज! अहो, आहे ना तो ऱ, मी कुठे नाही म्हणते? पण आधीच लिहून ठेवलेल्या मजकुराचं काय? 2011 च्या जनगणनेत 8 कोटी 30 लाख लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली. ही एज केस?

तीन आठवड्यांनी कुणाची तरी तक्रार आली की आई, बाबा, मूल असं कुटुंबाचं इमोजी तुटून तीन सुटी तोंडं दिसतात. तेही याच जॉइनरने जोडलेलं असतं. त्याच संध्याकाळी पॅच मागे घेतला. कारण लिहिलं, इमोजी. माझ्या आक्षेपाचा उल्लेखही नाही.

रिव्ह्यू करणाऱ्यांना मी आता सांगते, समजावत बसू नका, नापास होणारी टेस्ट जोडा. मी तेव्हा जोडली नव्हती, चूक माझीही होती. पण इमोजीच्या तक्रारीत तरी टेस्ट कुठे होती? एक स्क्रीनशॉट पुरला.

त्या मुलावर मात्र राग नाही. त्याला मराठी येत नाही, तरी मला विचारून त्याने 'दऱ्या' आणि 'आचाऱ्याला' या शब्दांची टेस्ट पाठवली. जॉइनर खरंच जागेवर आहे का, हे मी एकेक चिन्ह सुटं करून पाहिलं आणि मंजुरी दिली. मर्ज अजून झालेली नाही.