ताबोच्या थंडीत डिझेल थिजले तेव्हा...

जानेवारीत स्पितीला जायचे म्हटल्यावर घरच्यांनी आम्हाला वेड्यातच काढले होते. पण हिमाचल प्रदेशातील हा प्रदेश हिवाळ्यातच त्याच्या खऱ्या रूपात दिसतो. मनालीकडून येणारी वाट 4,551 मीटर उंचीच्या कुंझुम खिंडीत बर्फाखाली गडप झालेली असते. उरतो तो सिमला, रामपूर, किन्नौर या मार्गाने सतलजच्या काठाकाठाने वर चढणारा रस्ता. खाब येथे स्पिती नदी सतलजला येऊन मिळते. तेथून पुढे झाडे संपतात आणि उघड्याबोडक्या डोंगरांचे राज्य सुरू होते.

चंदीगडहून भाड्याने घेतलेली डिझेलची जीप, तिचा तरुण चालक, आमचे छायाचित्रकार आणि मी, असे आम्ही तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताबोला पोहोचलो. सुमारे 3,280 मीटर उंचीवरचे हे छोटेसे गाव. इ.स. 996 मध्ये स्थापन झालेला येथील मठ बाहेरून अगदी साधा, मातीच्या भिंतींचा आहे. आत शिरल्यावर मात्र अंधारातून हळूहळू उजळत जाणारी भित्तिचित्रे पाहून माणूस स्तब्ध होतो. मठाला हजार वर्षे पूर्ण झाली तेव्हा, 1996 मध्ये, दलाई लामांच्या उपस्थितीत येथे कालचक्राचा मोठा सोहळा झाला होता.

आम्ही एका घरी पाहुणे म्हणून उतरलो होतो. घराच्या मधल्या खोलीत लाकडे घालून पेटवायची पत्र्याची शेगडी होती. तिला येथे तंदूर म्हणतात. हिवाळ्यात सारे घर त्या तंदुराभोवतीच राहते. घरमालकांची आई सत्तरी ओलांडलेली होती. तिला रिकाँग पिओच्या दवाखान्यात दाखवायचे होते. आम्ही परत त्याच वाटेने जाणार, म्हणून तिला बरोबर नेण्याचे आम्ही मोठ्या उत्साहाने कबूल केले.

दोन मिनिटांचे इंजिन

निघायच्या दिवशी पहाटे अंगणातल्या तापमापकाचा पारा उणे 17 अंशांवर होता. अम्मा लोकरी शालीत गुरफटून, गाठोडे घेऊन तयार बसली होती. चालकाने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली! आम्ही सामान चढवू लागलो, तोच इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडले. पुन्हा किल्ली, पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या वेळी बॅटरीनेही मान टाकली.

चालकाने डिकीतून एक बाटली काढली. डिझेल थंडीत गोठू नये म्हणून टाकायचे ते औषध त्याने चंदीगडच्या बाजारातून घेतले होते. “गरज पडेल तेव्हा टाकू म्हणून ठेवले होते,” असे म्हणत त्याने ते टाकीत ओतले. अर्धा तास गेला. काहीही फरक पडला नाही. मग तो कुठूनसा निखाऱ्यांचा पत्रा घेऊन आला आणि टाकीखाली सरकवू लागला.

एवढ्यात घरमालक ओरडतच बाहेर आले. “अरे बेटा, गाडी जाईल ती जाईल, घर पण जाईल!” त्यांनी पत्रा ओढून बर्फात उलटा केला. इंधनाची टाकी, तिच्या नळ्या, आजूबाजूचे तेलकट डाग, या सगळ्याजवळ विस्तव नेणे म्हणजे आपल्या हाताने चिता रचणेच.

खोबरेल तेलाची गोष्ट

आमची फजिती पाहून शेजारचे एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांचे सारे आयुष्य या रस्त्यावर बस चालवण्यात गेले होते. त्यांनी समजावून सांगितले आणि मला एकदम आपल्याकडची खोबरेल तेलाची बाटली आठवली. डिसेंबरात ती पांढरी होऊन थिजते आणि आपण ती उन्हात ठेवतो. डिझेलचेही तसेच आहे. त्यात मेणाचा अंश असतो. थंडी वाढली की प्रथम त्या मेणाचे बारीक कण दिसू लागतात, डिझेल गढूळ होते. मग ते कण इंधनाच्या गाळणीत, म्हणजे फिल्टरमध्ये, अडकून तिचे तोंड बंद करतात. गाळणीच्या पुढे उरलेल्या डिझेलवर इंजिन दोन मिनिटे चालते आणि मग उपाशी पडून बंद होते. आमच्या जीपचे नेमके हेच झाले होते.

आपल्या देशातील डिझेलच्या मानकात गाळणी तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा हिवाळ्यासाठी 6 अंश आणि उन्हाळ्यासाठी 18 अंश सेल्सिअस अशी आहे. प्रत्यक्ष डिझेल याहून सरस असू शकते, पण ते मुळात मैदानी प्रदेशासाठी केलेले. पुण्या-मुंबईत आपल्याला हा प्रश्न कधी पडतच नाही. मैदानात भरलेली टाकी घेऊन उणे 17 अंशांत जाणारा मात्र फसतो.

मग ते औषध का चालले नाही? त्याचे कारणही साधे आहे. हे औषध मेण तयार होणे थांबवत नाही. ते मेणाचे कण मोठे होऊ देत नाही, इतकेच. कण बारीक राहिले की गाळणीतून निघून जातात. पण ते डिझेल पातळ असतानाच मिसळावे लागते. मेण एकदा जमले की ते विरघळवणे त्याला जमत नाही. दही लागल्यावर दुधात साखर ढवळण्यासारखेच ते!

“पूर्वी आम्ही रॉकेल मिसळायचो,” ते गृहस्थ म्हणाले. रॉकेलने डिझेल उशिरा थिजते हे खरे, पण ते डिझेलसारखे वंगण देत नाही, त्यामुळे पंप आणि इंजेक्टर झिजतात. 2020 पासून सक्तीच्या झालेल्या बीएस-6 डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत 10 भागांपेक्षा अधिक चालत नाही. अशा नव्या गाड्यांच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला रॉकेल मारक ठरते. शिवाय रेशनचे रॉकेल गाडीत घालणे हा गुन्हाच आहे.

ऊन हेच औषध

त्यांचा उपाय शांतपणाचा होता. सर्वांनी मिळून जीप ढकलत उन्हात नेली. गाळणीभोवती जुने फडके गुंडाळून त्यावर थोडे थोडे कढत पाणी घातले. बॅटरी काढून तंदुराजवळ, पण विस्तवापासून दूर ठेवली. आम्ही लोण्याचा चहा पीत बसलो. साडेअकराच्या सुमारास किल्ली फिरवली आणि इंजिन जे सुरू झाले ते बंद पडले नाही. अम्माने हात जोडले. कुणाला, इंजिनाला की सूर्याला, कोण जाणे!

पिओला पोहोचायला रात्र झाली. तेथे टाकी काठोकाठ भरली आणि उरलेले औषध चालकाने त्याच वेळी, बाटलीवरील प्रमाण पाहून, टाकीत घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली.

लडाखमध्ये या प्रश्नावर मोठा उपाय निघाला आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये इंडियन ऑइलने तेथे उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल आणले. ते तयार झाले पानिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात. पानिपत म्हटले की मराठी मनाला 1761 च्या जानेवारीतली थंडी आठवते. तेच गाव आता थंडीवरचा उतारा पाठवते, याची गंमत वाटली.

तेव्हा वाचकहो, हिवाळ्यात डिझेलची गाडी घेऊन पहाडात जाणार असाल तर एवढे ध्यानात ठेवा. शेवटचे इंधन शक्यतो वरच्या भागातल्या पंपावर भरा. औषध घालायचे तर थंड प्रदेशात शिरण्यापूर्वी, टाकी भरतानाच घाला. एक जादा गाळणी जवळ ठेवा. रात्री गाडी अशी उभी करा की सकाळचे पहिले ऊन बॉनेटवर पडेल. आणि इंजिन चालू ठेवून बंद गाडीत कधीही झोपू नका, धुरातला विषारी वायू झोपेतच घात करतो.

पिओला उतरताना मी अम्माच्या मुलाची क्षमा मागितली. आमच्यामुळे दवाखान्याची वेळ चुकली असणार, असे मला वाटत होते. ते हसले. “वेळ उद्याची आहे, साहेब. थंडीच्या दिवसांत आम्ही एक दिवस हाताशी ठेवूनच घर सोडतो.”

आमच्याजवळ बाटलीतले औषध होते. त्यांच्याजवळ तो एक दिवस होता.